रंगाआधीचे ४८ तास

(मिशन रविवारी उपासनेनंतर पुणे शहरातील आपल्या एका मंडळीत केलेले भाषण)



मला ओळखणाऱ्या दोघी-तिघींनी आज दारातच विचारलं, "ताई, बरं नव्हतं का? केस एकदम पांढरे कसे झाले?" एकदम झाले नाहीत. गेली सात-आठ वर्षं ते पांढरेच आहेत. दर महिन्याला एका रविवारी दुपारी मी ते झाकत होते, आता झाकत नाही. का, ते सांगते. पण त्यासाठी आधी आपल्या वसतिगृहातल्या एका मुलीबद्दल सांगावं लागेल.

तिचं नाव घेणार नाही, तशी तिचीच विनंती आहे. ती आंबेगाव तालुक्यातली, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली, महादेव कोळी समाजाची. वय एकोणीस. घरी पावसात भाताची लावणी आणि उन्हाळ्यात हिरडा. भीमाशंकरच्या बाजूला गेलेल्यांनी हिरड्याची झाडं पाहिली असतील. त्याचं कोवळं फळ म्हणजे बाळहिरडा. तो वेचायचा, अंगणात वाळवायचा आणि व्यापाऱ्याला घालायचा. औषधाला, कातडी कमवायला, रंगाला तो जातो. वेचणाऱ्यानं कष्ट करायचे आणि भाव दुसऱ्यानं ठरवायचा, असा तो धंदा.

दहावीला ती गणितात गेली. पुण्याला आली आणि एका पार्लरमध्ये कामाला लागली. केर काढायचा, टॉवेल धुवायचे, कपातला चहा मॅडमपर्यंत न्यायचा. राहायला आपल्याकडे. मी तिला म्हटलं, "शिवणकामाच्या वर्गाला बस. मशीन आहे, शिकवायला बाई येतात." आज खरं सांगते, माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. मशीनवर बसलेल्या मुलीचा फोटो दात्यांना पाठवायला बरा दिसतो.

ती म्हणाली, "ताई, शिवण मला येतं. मला रंगाचं शिकायचंय."

"रंगाचं म्हणजे?"

"केसांच्या. तिथं सगळ्यात जास्त पैसे रंगाचे घेतात. आणि रंगाचं काम करणारीला कुणी केर काढायला सांगत नाही."

मी विषय कमिटीपुढे ठेवला. कमिटीत आपलेच भाऊबंद, देवाला भिणारी माणसं. एकानं पेत्राचं पहिलं पत्र काढलं, तिसरा अध्याय. तिथं स्त्रियांनी केसांच्या वेण्या आणि बाहेरच्या शोभेपेक्षा अंतःकरणाच्या शोभेकडे पाहावं, असं सांगितलंय. दुसऱ्यानं नीतिसूत्रांतल्या पिकल्या केसांच्या मुकुटाची आठवण करून दिली. आणि एका वडीलजनांनी मत्तयाचा पाचवा अध्याय उघडला, छत्तिसावं वचन. माणसाला आपला एक केससुद्धा पांढरा किंवा काळा करता येत नाही, असं स्वतः प्रभूनंच म्हटलंय. ते म्हणाले, "आदिवासी मुलींसाठी लोक पोटाला चिमटा काढून दान देतात. ते आपण श्रीमंत बायकांचे केस रंगवायला खर्च करायचं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर मलाही तसंच वाटत होतं, आणि तेही महिन्याच्या महिन्याला स्वतःचे केस काळे करत असताना! शेवटी असं ठरलं की मी चार दिवस तिच्याबरोबर वर्गात बसावं, काय शिकवतात ते पाहावं आणि मग कमिटीला सांगावं. चार दिवसांसाठी गेले आणि पुरा महिना बसले.

मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी ब्रश हातात देतील. पहिला आठवडाभर कुणी रंगाला हात लावला नाही. फळ्यावर केसाचं चित्र. बाहेरचा थर क्यूटिकल, त्याच्या आत कॉर्टेक्स. आपला नैसर्गिक रंग, म्हणजे मेलॅनिन, मुख्यतः या कॉर्टेक्समध्ये असतो. शब्द सगळे इंग्रजी. माझ्या शेजारी ही मुलगी वहीत काहीतरी वेगळंच लिहीत होती. मी डोकावून पाहिलं. तिनं लिहिलं होतं, "क्यूटिकल म्हणजे कौलं."

ती म्हणाली, "ताई, आमच्या घरावर कौलं कशी एकावर एक चढवलेली असतात? केसाला तशीच आहेत. पाणी वरून खाली ओघळावं म्हणून." आणि खरंच, क्यूटिकलचे खवले मुळाकडून टोकाकडे तसेच एकावर एक बसलेले असतात. पक्क्या रंगातला अमोनिया ही कौलं जरा उचलतो. रंगाचे कण फार बारीक असतात, ते फटीतून आत शिरतात. आत गेल्यावर डेव्हलपरमधल्या ऑक्सिजनमुळे ते एकमेकांना धरतात आणि मोठे होतात, इतके मोठे की शिरले त्या वाटेनं परत बाहेर पडता येत नाही. म्हणून हा रंग धुतल्यानं लगेच जात नाही. जो रंग चार-दोन धुण्यांत जातो, तो नुसता कौलांवर बसलेला असतो. शिक्षिकाबाईंनी तिची वही पाहिली आणि पुढच्या तासाला फळ्यावर स्वतःच "कौलं" असं लिहिलं.

मग आकडे आले. नैसर्गिक केसांच्या गडदपणाला एक ते दहा अशा पायऱ्या देतात. एक म्हणजे काळा कुळकुळीत, दहा म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपल्या लोकांचे केस बहुतेक पहिल्या तीन-चार पायऱ्यांत बसतात. ट्यूबवर ५.३ असं लिहिलेलं असतं, त्यातला पाच हा गडदपणा आणि पुढचा तीन ही छटा, बहुतेक कंपन्यांत सोनेरी. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. पांढरे केस झाकायला साधारणपणे २० पुरतं. जोराचं वापरलं की काम चांगलं होतं, असं नाही. केसही जळतो आणि डोक्याची कातडीही.

इथं गणित लागतं. ६० ग्रॅम ट्यूब, प्रमाण एकास दीड, तर डेव्हलपर किती? ४० व्हॉल्यूमच्या द्रावणात तितकंच पाणी घातलं तर किती टक्के उरेल? गणितात गेलेली आमची मुलगी माझ्याआधी उत्तर द्यायची. मी एकदा तिला विचारलं, "मग दहावीला काय झालं होतं?" ती म्हणाली, "तिथं हे कशासाठी ते कुणी सांगितलं नव्हतं."

काळा केस उजळायला घेतला की आतून आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा रंग दिसू लागतो. नको असलेला नारिंगी मारायचा तर निळा लागतो, पिवळ्यावर जांभळा, लालवर हिरवा. समोरासमोरचे रंग एकमेकांना शांत करतात. एकदा गडद रंग लावलेल्या केसांवर फिका रंग लावून ते उजळत नाहीत, आधीचा रंग काढावा लागतो. आधी न रंगवलेले केस उजळताना मुळांना शेवटी लावायचं, कारण डोक्याच्या उबेनं तिथं काम लवकर होतं. अशा एकेका नियमामागे कारण आहे. कारण माहीत नसेल तर बाई घड्याळाकडे बघत बसते आणि अंदाजानं चालते. कारण माहीत असलेली केसाकडे बघते.

एक दिवस शिक्षिकाबाईंनी या रंगाचा इतिहास सांगितला. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरचं औषध बनवू पाहत होता. औषध झालं नाही, पण त्याच्या भांड्यात जांभळा रंग तयार झाला. डांबरापासून निघणाऱ्या पदार्थातून रंग करता येतो, हे जगाला कळलं. त्याचे गुरू हॉफमान यांनी १८६३ साली पॅराफिनिलीन डायअमाइन या पदार्थाचा अभ्यास केला. पार्लरच्या भाषेत पीपीडी. पुढं १९०७ मध्ये युजीन शुएलर या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं पॅरिसमध्ये केसांचा रंग बनवला आणि दोन वर्षांनी कंपनी काढली, ती आजची लॉरिआल. हे ऐकून आमची मुलगी म्हणाली, "तिचा कारखाना आमच्या चाकणला आहे." खरंच आहे. घोडेगावची एसटी चाकणवरूनच जाते. कित्येकदा ती त्याच रस्त्यानं गेली होती.

नंतर मेंदीचा विषय निघाला. मेंदीच्या पानातला रंग केसाला धरतो आणि लालसर नारिंगी छटा देतो. तो काळा करत नाही. "मग आमची आजी केस काळे कशानं करते?" मुलीनं विचारलं. आजी आवळा, हिरडा लोखंडी कढईत रात्रभर भिजत घालते आणि सकाळी ते पाणी केसांना लावते. मुलगी पुढं म्हणाली, "हिरडा फोडताना कोयत्याला लागून आमची बोटंसुद्धा काळी होतात. आठ-आठ दिवस जात नाही." शिक्षिकाबाई हसल्या आणि म्हणाल्या, "त्याला टॅनिन म्हणतात. टॅनिन आणि लोखंड मिळून काळा रंग होतो. जुन्या काळची लिहायची शाईसुद्धा अशीच व्हायची." मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आपली काळी बोटं लपवत पुण्यात आलेली पोर, तिला त्या दिवशी कळलं की हेसुद्धा रसायनशास्त्र आहे आणि ते तिच्या आजीला येतं.

आता माझ्या केसांकडे येते.

वर्गात सराव आधी पुतळ्याच्या डोक्यावर होतो, पण त्यानं पुरत नाही. माणसाचं डोकं लागतं, आणि शिकाऊ मुलीच्या हाती आपलं डोकं द्यायला कुणी येत नाही. मी म्हटलं, "माझं घे. मुळं पांढरी झालीच आहेत." मी खुर्चीवर बसले, टॉवेल गळ्याभोवती घेतला. ती हातमोजे घालून समोर उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, आज नाही. आज फक्त कानामागं थोडासा लावते. परवा या."

नियम असा आहे: पक्का रंग लावण्याआधी ४८ तास कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून पाहायचा. त्यातलं पीपीडी काहींना सोसत नाही. खाज, लाली, पुरळ येतं. कुणाच्या पापण्या आणि चेहरा सुजतो, क्वचित श्वासापर्यंत जातं. मी म्हटलं, "अगं, मी सात-आठ वर्षं काळी मेंदी लावतेय. मला काय होणार?" ती म्हणाली, "त्या पाकिटावर मागं काय लिहिलंय ते वाचलंत का?" घरी जाऊन चष्मा लावून वाचलं. काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पाकिटांत पीपीडीच असतं. माझ्याही होतं.

दुसऱ्या रात्री कानामागं आग व्हायला लागली. सकाळी तिथं लाल फोड. त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा कळलं की वर्षानुवर्षं काही न होता एखाद्या दिवशी अंग त्या पदार्थाला नकार द्यायला लागू शकतं, आणि मग तो नकार सहसा जन्मभर टिकतो. त्या दिवशी ते सगळं मिश्रण डोक्यावर थापून मी पाऊण तास बसले असते, तर आज इथं काय सांगत असते, देव जाणे. म्हणून माझे केस पांढरे आहेत. यात वैराग्य काही नाही. एका एकोणीस वर्षांच्या मुलीनं नियम पाळला, एवढंच.

इथपर्यंतची गोष्ट मी कमिटीला सांगितली आणि फीची मंजुरी मिळाली. पण खरी परीक्षा पुढं होती.

शिक्षण संपल्यावर तिला शहरातल्या एका पार्लरमध्ये जागा मिळाली. आता केर काढायला नव्हे, रंगाच्या टेबलावर. पहिल्या पगारातून तिनं धाकट्या भावाची शाळेची फी भरली. लग्नसराईचे दिवस होते. एका दुपारी एक बाई घाईत आल्या. संध्याकाळी घरात साखरपुडा, रंग लगेच हवा. ही रंग कालवायला बसली. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी जरा खाज सुटली होती, पण गेली आपोआप." हिनं ब्रश खाली ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, मग आज मी रंग लावू शकत नाही. आज चाचणी करते, परवा या."

बाई चिडल्या. मालकीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तू इथं शिकायला आलीस की शिकवायला? लाव." ही पुन्हा "नाही" म्हणाली. तेव्हा दुसऱ्या मुलीनं रंग लावला, आणि हिला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नकोस.

त्या बाईंना पुढं काही झालं की नाही, आम्हाला कळलं नाही. कदाचित काहीच झालं नसेल. हिच्या बाजूनं निकाल लागला, असं सांगायला माझ्याकडे काही नाही.

रात्री ती माझ्याकडे आली. रडत नव्हती. विचारलं, "ताई, मी चुकले का?" गावाहून आईचा फोन आला होता. परत ये, एक स्थळ आहे, म्हणत होती. भावाची पुढची फी राहिली होती. वसतिगृहाचे माझे हिशेब मला ठाऊक होते. एक क्षण माझ्या तोंडावर आलं, "अगं, नोकरी टिकवायला कधी कधी थोडं..." तेवढ्यात माझा हात कानामागं गेला. मी म्हटलं, "नाही. तू चुकली नाहीस." मग आम्ही दोघी गप्प बसून राहिलो, कारण त्या उत्तरानं फी भरली जात नव्हती.

भावाबहिणींनो, त्या रात्री मी मत्तयाचा पाचवा अध्याय पुन्हा उघडला. कमिटीत वाचलेलं छत्तिसावं वचन वाचलं आणि त्यावरच न थांबता सदतिसावं वाचलं. धर्मशिक्षणाच्या डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं की वचन त्याच्या जागेवरून उपटून वाचू नये. आणि मी स्वतःच ते विसरले होते. डोंगरावरील प्रवचनात प्रभु तिथं केसांच्या रंगाबद्दल बोलतच नाही. तो शपथांबद्दल बोलतोय. आपल्या डोक्याची शपथ घेऊ नका, कारण त्यावरचा एक केसही तुमच्या हातात नाही. मग काय करावं? तुमचं होय ते होयच असू द्या आणि नाही ते नाहीच. हा त्या शिकवणीचा गाभा आहे. ज्या वचनानं आपण तिला हे काम शिकवायचं नाही म्हणत होतो, तेच वचन तिनं त्या टेबलाशी उभं राहून पाळलं. आमच्या प्रार्थनेला ती बसते, कधी बसत नाही. तिचा धर्म बदलावा म्हणून आपण तिला शिकवत नाही, आणि ती अट आपण कधी घालणारही नाही. पण तिच्या त्या "नाही"मध्ये मला प्रभूचा शब्द ऐकू आला, एवढं मी साक्ष म्हणून सांगू शकते.

आणि केसांचा विषय क्षुल्लक आहे का? याच पुण्यात एकेकाळी नवरा मेला की कोवळ्या मुलीच्या डोक्यावरचे केस काढून टाकत. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. तिथं येणाऱ्या बालविधवांना शिक्षणाबरोबरच माणूस म्हणून आरशात पाहण्याची मोकळीक मिळाली. पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मुलींना काय काय शिकवलं? विणकाम, शिवण आणि छापखानासुद्धा. टाइप जुळवणं हे तेव्हा बायकांचं काम नव्हतं. तरी रमाबाईंनी भाषांतर केलेलं मराठी पवित्र शास्त्र मुक्तीच्या बायकांनी छापलं. मुलींना काय शोभतं, एवढंच रमाबाईंनी पाहिलं असतं, तर ते पुस्तक त्या हातांनी छापलं गेलं नसतं.

प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. फिलिप्पै नगराबाहेर नदीकाठी पौल बोलत होता आणि एक बाई ऐकत होती. लुदिया, थुवतीरा गावची. तिचा धंदा काय, ते शास्त्रानं मुद्दाम नोंदवलंय: जांभळ्या वस्त्रांचा. तो त्या काळचा महागाचा रंग, श्रीमंतांच्या अंगावर जाणारा. पौलानं तिला धंदा सोड असं सांगितल्याचं कुठं लिहिलेलं नाही. उलट तिच्याच घरी तो उतरला, आणि तुरुंगातून सुटल्यावर पुन्हा तिच्याच घरी गेला. रंगाच्या कमाईवर चालणाऱ्या त्या घरात फिलिप्पैच्या मंडळीला आसरा मिळाला.

आता आजची स्थिती. दीड महिना तिला काम नव्हतं. आपल्या निधीतून तेवढे दिवस तिचं जेवणखाण आणि बसचा पास निघाला, त्याबद्दल मी तुमची आभारी आहे. आज ती एका छोट्या, दोन खुर्च्यांच्या पार्लरमध्ये आहे. पगार आधीपेक्षा कमी आहे. पण तिथल्या मालकीणबाईंनी भिंतीवर कागद लावलाय की रंगाआधी दोन दिवस चाचणी होईल. खाली एक वही ठेवलीय. तीत नाव, तारीख आणि कानामागं काय झालं ते लिहायचं. ती वही आमच्या मुलीच्या अक्षरात आहे.

या वर्षी वसतिगृहातल्या आणखी दोन मुलींनी हेच शिकायचं म्हटलंय. एक दहावी पास आहे. तिच्यासाठी आयटीआयमधला कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, तिचा अर्ज आम्ही भरतोय. दुसरीला खासगी वर्गच लागेल. त्यासाठी फी, बसचा पास, ब्रश-वाट्यांचा संच आणि हातमोजे हवेत. हातमोजे मी वेगळे सांगते, कारण हे काम करणाऱ्यांच्या हातांना इसब होणं नेहमीचं आहे, आणि खर्च वाचवायचा झाला की पहिली काट हातमोज्यांवर येते. रंग ठेवायला एक कुलपाचं कपाटही हवंय. हे पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं, आणि वसतिगृहात लहान मुलं असतात.

पैशाचं पाकीट तुम्ही दानपेटीत टाकालच. पण आज मला पैशाहून अवघड काहीतरी मागायचंय. मला तुमची डोकी पाहिजेत.

हसू नका. या मुलींना सरावाला माणसं मिळत नाहीत, म्हणून त्या मागं राहतात. महिला मंडळातल्या ज्या भगिनी नाहीतरी केस रंगवतात, त्यांनी महिन्यातून एक वेळ त्यांना द्यावी. गुरुवारी कानामागं चाचणी, शनिवारी रंग, शिक्षिकाबाई शेजारी उभ्या असतील. छटा एखाद्या वेळी उन्नीस-बीस होईल. शिकणाऱ्याच्या हातून तेवढं होतंच. पण कुणी कानामागची लाली दाखवली, तर रंग लागणार नाही. मग तुम्ही कितीही आग्रह केलात, कितीही ओळख सांगितलीत, संध्याकाळी घरात लग्न असलं, तरी नाही.

तेव्हा रागावू नका. घरी जा आणि तिच्यासाठी प्रार्थना करा. कारण आपल्याला "नाही" म्हणताना तिला आपल्या मोठेपणाची, आपल्या दानाची भीती वाटता कामा नये. माझ्यासारख्या ताईचीसुद्धा नाही. हिरड्याचा भाव ठरवणाऱ्यासमोर तिच्या आईवडलांना आजवर "नाही" म्हणता आलं नाही. तिला यायला लागलंय. तिची फी त्यासाठीच होती, हे मला महिनाभर वर्गात बसून आणि कानामागं फोड आल्यावर कळलं.

नावं नोंदवायला मागच्या टेबलावर वही आहे. पहिलं नाव माझं लिहिता आलं असतं तर आवडलं असतं. पण माझी चाचणी झालीय आणि उत्तर मिळालंय. तेव्हा पहिली ओळ तुमच्यासाठी मोकळी ठेवलीय.

प्रभु तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.